चार्ल्स गुडइयर

चार्ल्स गुडइयर (जन्म : २९ डिसेंबर, १८००, न्यू हेवन, कनेटिकट, मृत्यू : १ जुलै, १८६०, न्यू यॉर्क) हे एक अमेरिकन संशोधक होते. कच्च्या रबरात गंधक मिसळून ते ठराविक तापमानाला ठराविक वेळ तापवले असता रबर उन्हाळ्यात वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही, हा शोध त्यांनी लावला. ही प्रक्रिया व्हल्कनीकरण या नावाने ओळखली जाते. वाहनांचे टायर, पाण्याच्या व वाफेच्या नळ्या, पादत्राणे, नळातील वॉशर आणि यंत्रांतील साच्यात घडवलेली रबरी सील या सर्वांच्या निर्मितीचा पाया या प्रक्रियेने घातला. गुडइयर यांचे संशोधन म्हणजे मुख्यतः रबरी वस्तूंतील दोषांशी सुमारे दहा वर्षे चाललेली झुंज होती. कारखान्यातून निघताना निर्दोष दिसणारी वस्तू काही आठवड्यांनी निकामी का होते, या प्रश्नाने त्यांचे आयुष्य व्यापले आणि त्याची मोठी किंमत त्यांच्या कुटुंबाला मोजावी लागली.

प्रारंभिक जीवन

गुडइयर यांच्या वडिलांचे नाव अमासा गुडइयर. न्यू हेवन वसाहतीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या स्टीफन गुडइयर यांचे ते वंशज होते. कनेटिकटमधील नॉगटक येथे अमासा यांचा बटणे, शेतीची अवजारे व लोखंडी सामान बनवण्याचा व्यवसाय होता. चार्ल्स वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास लोखंडी सामानाच्या व्यापाराचे शिक्षण घेण्यासाठी फिलाडेल्फियाला गेले. एकविसाव्या वर्षी परत येऊन ते वडिलांच्या व्यवसायात भागीदार झाले.

ऑगस्ट १८२४ मध्ये त्यांचा विवाह क्लॅरिसा बीचर यांच्याशी झाला. १८२६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथे लोखंडी सामानाचे दुकान काढले. आरंभी दुकान चांगले चालले. परंतु उधारीवर दिलेल्या मालाची वसुली झाली नाही, त्यातच पोटाच्या विकाराने ते अंथरुणाला खिळले आणि १८३० पर्यंत व्यवसाय बुडाला. कर्ज फेडता न येणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची पद्धत त्या काळी प्रचलित होती. गुडइयर यांना कर्जापायी प्रथम याच सुमारास कारावास घडला. पुढील आयुष्यात असे प्रसंग त्यांच्यावर वारंवार आले.

तत्कालीन रबर उद्योग

दक्षिण व मध्य अमेरिकेतील मूळ रहिवाशांना रबराच्या झाडाच्या चिकाचे गुणधर्म फार पूर्वीपासून ठाऊक होते. युरोपात १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापड तयार केले. १८३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत रबराच्या वस्तूंची लाट आली. मॅसॅच्युसेट्समधील रॉक्सबरी येथे १८३३ मध्ये रॉक्सबरी इंडिया रबर कंपनी स्थापन झाली आणि पाठोपाठ अनेक कारखाने निघाले. पाणी अडवणारा, ताणला जाणारा हा पदार्थ लोकांना नवलाचा वाटला.

मात्र या वस्तूंमध्ये एक मूलभूत दोष होता. कच्चे रबर हिवाळ्यात लाकडासारखे कडक होऊन तडकते आणि उन्हाळ्यात मऊ, चिकट व दुर्गंधीयुक्त होते. टर्पेंटाइनसारख्या द्रावकात विरघळवून तयार केलेल्या वस्तूंत हा दोष अधिकच वाढे. हिवाळ्यात विकलेला माल उन्हाळ्यात लगदा होऊन परत येऊ लागला. भागधारकांचे पैसे बुडाले, कारखाने बंद पडले आणि रबर या शब्दाचाच ग्राहकांनी धसका घेतला.

रबराशी परिचय

१८३४ मध्ये न्यू यॉर्क येथे रॉक्सबरी कंपनीच्या दुकानात गुडइयर यांनी पाण्यात तरंगण्यासाठी वापरायचे रबरी जीवरक्षक साधन पाहिले. त्याची हवा भरण्याची झडप त्यांना सदोष वाटली. त्यांनी सुधारित झडप तयार करून ती कंपनीला विकण्यासाठी दाखवली. झडप व्यवस्थापकाला पसंत पडली. परंतु ती घेण्यास त्याने नकार दिला. ज्या रबराला ती बसवायची तेच टिकत नसल्याने झडप सुधारून उपयोग नव्हता. परत आलेला, वितळून निकामी झालेला माल त्याने गुडइयर यांना दाखवला.

या भेटीने गुडइयर यांच्या आयुष्याची दिशा ठरली. रसायनशास्त्राचे शिक्षण नसताना आणि डोक्यावर कर्ज असताना त्यांनी हा दोष दूर करण्याचा ध्यास घेतला. फिलाडेल्फियाला परतल्यावर त्यांना पुन्हा कर्जापायी तुरुंगात जावे लागले. पत्नीकडून कच्चे रबर व लाटणे मागवून त्यांनी आपले पहिले प्रयोग तुरुंगातच केले.

प्रयोग आणि अपयश

रबराचा चिकटपणा एखाद्या कोरड्या भुकटीने शोषला जाईल, अशी गुडइयर यांची पहिली कल्पना होती. त्यांनी रबरात मॅग्नेशिया मिसळले. मिश्रण पांढरे व कोरडे झाले. पत्नी व मुलींच्या मदतीने त्यांनी घरीच त्याचे बूट तयार केले. उन्हाळा येताच बुटांचा चिकट गोळा झाला. घरात पसरलेल्या दुर्गंधीमुळे शेजाऱ्यांनीही तक्रारी केल्या.

त्यानंतर न्यू यॉर्क येथे त्यांनी मॅग्नेशियायुक्त रबर चुन्याच्या पाण्यात उकळले. त्यातून निघालेले गुळगुळीत तक्ते पाहून जाणकार प्रभावित झाले आणि १८३५ मध्ये एका प्रदर्शनात त्यांना पदकही मिळाले. परंतु सौम्य आम्लाचा एखादा थेंब पडला तरी चुन्याचा परिणाम नष्ट होऊन तेथील रबर पूर्ववत चिकट होत असल्याचे त्यांना आढळले. पदक मिळवून देणारी पद्धत त्यांनी स्वतःच निकालात काढली.

पुढचे पाऊल योगायोगाने पडले. रबरावर चढवलेला धातूचा मुलामा काढण्यासाठी त्यांनी नत्राम्ल वापरले. रबर काळवंडले म्हणून त्यांनी तो तुकडा फेकून दिला. काही दिवसांनी आठवण होऊन तो पुन्हा तपासला असता त्याचा पृष्ठभाग कोरडा व गुळगुळीत झालेला दिसला. या आम्लप्रक्रियेचे पेटंट त्यांना १७ जून, १८३७ रोजी मिळाले. पातळ कापडासाठी ही पद्धत पूर्वीच्या सर्व पद्धतींपेक्षा सरस होती. एका भागीदाराच्या साहाय्याने त्यांनी न्यू यॉर्कजवळील स्टेटन आयलंड येथे उत्पादन सुरू केले. पण १८३७ च्या आर्थिक मंदीत भागीदाराची संपत्ती बुडाली आणि गुडइयर कुटुंब पुन्हा निराधार झाले.

टपालाच्या पिशव्यांचे प्रकरण

यानंतर गुडइयर मॅसॅच्युसेट्समध्ये आले. वूबर्न येथे त्यांची गाठ नॅथॅनिएल हेवर्ड यांच्याशी पडली. रबरावर गंधक पसरून ते उन्हात ठेवल्यास त्याचा चिकटपणा जातो, असे हेवर्ड यांना आढळले होते. गुडइयर यांनी या पद्धतीचे हक्क विकत घेतले. तिचे पेटंट फेब्रुवारी १८३९ मध्ये मंजूर झाले.

याच काळात अमेरिकन सरकारकडून त्यांना टपालाच्या १५० पिशव्या बनवण्याचे काम मिळाले. अनेक वर्षांनंतर आलेली ही मोठी संधी होती. पिशव्या तयार झाल्या आणि देखण्या दिसू लागल्या. त्या कोठारात टांगून गुडइयर कुटुंबासह काही दिवस बाहेरगावी गेले. परत येऊन पाहतात तो उन्हाळ्याच्या उष्णतेने पिशव्या आतून नासल्या होत्या. त्यांच्याच वजनाने मुठी सुटून पिशव्या खाली पडल्या होत्या.

या अपयशाचे कारण महत्त्वाचे आहे. आम्लाची व गंधकाची क्रिया केवळ पृष्ठभागापुरती झाली होती. पातळ कापडात तेवढी पुरेशी ठरे. परंतु जाड पिशवीच्या आतील रबर कच्चेच राहिले होते. रंगासाठी मिसळलेल्या द्रव्यांनीही त्याची हानी केली होती. वरवर पक्की दिसणारी वस्तू आतून कच्ची असू शकते आणि केवळ डोळ्यांनी पाहून हा दोष कळत नाही, हे या प्रसंगाने सिद्ध झाले. काम हातचे गेले. आजवर मदत करणाऱ्या मित्रांनी व नातेवाइकांनी त्यांना रबराचा नाद सोडण्याचा सल्ला दिला.

व्हल्कनीकरणाचा शोध

१८३९ च्या हिवाळ्यात वूबर्न येथे गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. या प्रसंगाच्या निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. मुख्य गोष्ट मात्र एकच आहे. उष्णतेने वितळण्याऐवजी तो तुकडा चामड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला एक अरुंद पट्टा असा होता, की जो करपलाही नव्हता आणि चिकटही राहिला नव्हता. गुडइयर यांनी तो तुकडा रात्रभर घराबाहेर कडाक्याच्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी तो पूर्वीइतकाच लवचीक होता.

हा शोध निव्वळ अपघाताने लागला, हे मत गुडइयर यांनी मान्य केले नाही. ज्याचे मन त्या प्रश्नात बुडालेले आहे त्यालाच अशा घटनेचा अर्थ उमगतो, अशी त्यांची भूमिका होती. कमी उष्णता दिल्यास रबर कच्चे राहते, जास्त दिल्यास करपते आणि या दोहोंच्या मध्ये कोठेतरी योग्य बिंदू आहे, हे त्यांनी त्या अरुंद पट्ट्यावरून ओळखले. तो बिंदू शोधून वस्तूच्या संपूर्ण जाडीत तेवढीच उष्णता पोहोचवणे हे खरे काम होते आणि त्यासाठी त्यांना आणखी पाच वर्षे लागली. पत्नीच्या पाव भाजण्याच्या भट्टीत, चहाच्या किटलीच्या वाफेवर, गरम राखेत व वाळूत त्यांनी रबराचे तुकडे तापवून पाहिले. कामगार घरी गेल्यावर इतरांच्या कारखान्यातील भट्ट्या व बाष्पपात्रे वापरण्याची परवानगीही ते मागत.

ही वर्षे अत्यंत हलाखीची होती. पूर्वीच्या प्रत्येक पद्धतीच्या वेळी त्यांनी यशाची ग्वाही दिली होती आणि प्रत्येक वेळी माल नासला होता. त्यामुळे या वेळी त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवेना. घरातील वस्तू गहाण पडल्या, मुलांची शाळेची पुस्तकेही विकावी लागली. याच काळात त्यांचा एक लहान मुलगा दगावला. त्यांच्या बारा अपत्यांपैकी सहा बालपणीच मरण पावली. एका फ्रेंच व्यावसायिकाने त्यांच्या जुन्या आम्लप्रक्रियेसाठी चांगली रक्कम देऊ केली होती. परंतु ती पद्धत लवकरच कालबाह्य होणार असल्याचे सांगून गुडइयर यांनी ती नाकारली.

अखेर न्यू यॉर्कमधील विल्यम रायडर आणि नंतर मेहुणे विल्यम डी फॉरेस्ट यांच्या आर्थिक साहाय्याने प्रयोग पूर्णत्वास गेले. १५ जून, १८४४ रोजी गुडइयर यांना अमेरिकन पेटंट क्रमांक ३६३३ मिळाले. त्यात २५ भाग रबर, ५ भाग गंधक व ७ भाग शिशाचा सफेदा असे प्रमाण दिलेले असून सुमारे २७० अंश फॅरनहाइट (सुमारे १३२ अंश सेल्सिअस) हे तापमान सर्वांत योग्य मानले आहे. शिशाच्या सफेद्यामुळे प्रक्रियेचा वेग वाढत असे.

प्रक्रियेचे स्वरूप

रबर हे अतिशय लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे बनलेले असते. कच्च्या रबरात या साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात, म्हणून उष्णतेने ते चिकट होते. तापवल्यावर गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांना पुलाप्रमाणे जोडतात. त्यामुळे साखळ्या ताणल्या जातात. पण ताण सुटताच मूळ जागी परततात. रबराची ही रेणूरचना गुडइयर यांच्या हयातीत कोणालाच ज्ञात नव्हती. लांब साखळीरेणूंची कल्पना हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली. गुडइयर यांचे सर्व यश निरीक्षण व चिकाटी यांवर आधारलेले होते.

पेटंटविषयक वाद

पेटंट घेण्यापूर्वीच गुडइयर यांनी आपले नमुने इंग्लंडला पाठवले होते. ते इंग्रज रबर उद्योजक टॉमस हॅनकॉक यांच्या पाहण्यात आले. त्यांवरील गंधकाच्या खुणा पाहून हॅनकॉक यांनी स्वतंत्र प्रयोग केले आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. गुडइयर यांचा अर्ज काही आठवडे उशिरा पोहोचला. इंग्लंडमधील हक्क त्यांना न्यायालयातही मिळाले नाहीत. रोमन अग्निदेव व्हल्कन याच्या नावावरून या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन हे नाव हॅनकॉक यांचे मित्र विल्यम ब्रॉकडन यांनी सुचवले.

अमेरिकेत होरेस डे या उत्पादकाविरुद्धचा खटला विशेष गाजला. १८५२ मध्ये ट्रेंटन येथे झालेल्या या खटल्यात प्रसिद्ध विधिज्ञ व मुत्सद्दी डॅनियल वेब्स्टर यांनी गुडइयर यांच्या बाजूने, तर रूफस चोट यांनी डे यांच्या बाजूने युक्तिवाद केला. निकाल गुडइयर यांच्या बाजूने लागला. तथापि परवान्यांपोटी त्यांनी फार कमी रक्कम आकारलेली असल्याने आणि मिळालेला पैसा ते नव्या प्रयोगांवर व प्रदर्शनांवर खर्च करत असल्याने आर्थिक स्थैर्य त्यांना लाभले नाही.

उत्तरायुष्य

१८५१ च्या लंडन येथील भव्य प्रदर्शनात आणि १८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात गुडइयर यांनी मोठी दालने उभारली. त्यांत रबराचे फर्निचर, दागिने व गृहोपयोगी वस्तू मांडल्या होत्या. त्यांचे बंधू नेल्सन गुडइयर यांनी विकसित केलेल्या कठीण रबराच्या वस्तूंचाही त्यांत समावेश होता. १८५३ मध्ये क्लॅरिसा यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले. १८५४ मध्ये गुडइयर यांनी फॅनी वॉर्डेल यांच्याशी विवाह केला. रबराचे गुणधर्म व उपयोग यांविषयीचा त्यांचा 'गम-इलॅस्टिक' हा ग्रंथ याच दशकात दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

फ्रान्समधील पेटंट रद्द झाल्याने तेथील उत्पन्न थांबले आणि डिसेंबर १८५५ मध्ये पॅरिस येथे त्यांना कर्जापायी अटक झाली. सम्राट तिसरा नेपोलियन याने दिलेला लीजन ऑफ ऑनर हा सन्मान त्यांना तुरुंगातच मिळाला.

१८६० मध्ये मुलगी मरणासन्न असल्याचे कळल्यावर आजारी गुडइयर तिला भेटण्यासाठी न्यू हेवनकडे निघाले. न्यू यॉर्कला पोहोचताच तिच्या मृत्यूची बातमी त्यांना समजली. त्यांची प्रकृती ढासळली आणि १ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्यावर सुमारे २ लाख डॉलर कर्ज होते. न्यू हेवन येथील ग्रोव्ह स्ट्रीट दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

साच्यातील रबरी सील आणि गुडइयर यांचा वारसा

दोन भागांमधील फट बंद करून द्रव किंवा वायू गळू न देणे हे सीलचे काम असते. दाबले गेल्यावर पुन्हा मूळ आकारात येण्याचा प्रयत्न करते, म्हणूनच सील फट बंद ठेवू शकते. कच्च्या रबरात हा गुण टिकत नाही. त्यामुळे टिकाऊ रबरी सील व्हल्कनीकरणानंतरच शक्य झाली. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या गोल कडीच्या आकाराच्या सीलचे, म्हणजे ओ-रिंगचे, अमेरिकन पेटंट नील्स क्रिस्टनसन यांना १९३९ मध्ये मिळाले.

सील तयार करताना मिश्रण धातूच्या तापलेल्या साच्यात दाबाखाली भरून तेथेच त्याचे व्हल्कनीकरण केले जाते. या उत्पादनातील काही प्रमुख दोष गुडइयर यांना आलेल्या अडचणींचीच रूपे आहेत.

अपुरे व्हल्कनीकरण : साच्यात वेळ किंवा तापमान कमी पडल्यास सीलचा पृष्ठभाग पक्का होतो, पण गाभा कच्चा राहतो. जाड सीलमध्ये हा धोका अधिक असतो. असे सील दाबाखाली चपटे होते आणि पुन्हा फुगत नाही. टपालाच्या पिशव्यांतील दोष याच जातीचा होता.

अतिरिक्त व्हल्कनीकरण : गरजेपेक्षा जास्त वेळ तापवल्यास काही रबरे कडक व ठिसूळ होतात, तर नैसर्गिक रबर पुन्हा मऊ पडून त्याची ताकद घटते.

फोड व पोकळ्या : मिश्रणातील ओलावा किंवा साच्यात अडकलेली हवा बाहेर न पडल्यास सीलमध्ये बुडबुडे राहतात. आतील भाग पक्का होण्यापूर्वीच साचा उघडल्यासही फोड येतात.

गंधकाचा थर : न जोडला गेलेला गंधक कालांतराने पृष्ठभागावर येऊन पांढुरकी भुकटी दिसू लागते.

साच्यामुळे येणारे दोष : साच्याच्या दोन भागांतून बाहेर आलेली पातळ कड म्हणजे फ्लॅश, भाग नीट न जुळल्याने सरकलेला आकार, अर्धवट भरलेला साचा आणि मिश्रणाचे दोन प्रवाह नीट एकजीव न झाल्याने राहिलेली कमकुवत रेषा हे दोष या प्रकारात मोडतात.

यांपैकी साच्यामुळे येणारे बरेच दोष डोळ्यांना दिसतात. गाभ्याचा कच्चेपणा मात्र सहसा दिसत नाही. म्हणून कारखान्यांत सीलची कठीणता मोजतात, नमुने ठराविक तापमानाला दाबून ठेवून ते कितपत मूळ जाडीवर येतात ते पाहतात आणि काही नमुने कापून आतील भाग तपासतात. दोषरहित सीलही त्याच्या तापमानमर्यादेबाहेर वापरल्यास अपयशी ठरते. २८ जानेवारी, १९८६ रोजी झालेल्या चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेत, ज्यात सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला, थंडीमुळे ओ-रिंगची लवचीकता कमी झाली होती. तो उत्पादनातील दोष नव्हता; जोडाची सदोष रचना आणि इशारे डावलून घेतलेला उड्डाणाचा निर्णय ही त्यामागची कारणे होती.

स्मृती

ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे १८९८ मध्ये फ्रँक सायबरलिंग यांनी स्थापन केलेल्या टायर कंपनीला गुडइयर यांचे नाव देण्यात आले. या कंपनीशी गुडइयर किंवा त्यांच्या कुटुंबाचा कोणताही आर्थिक संबंध नव्हता. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या रबर विभागातर्फे १९४१ पासून त्यांच्या नावाने पदक दिले जाते. १९७६ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांच्या नावाचा समावेश करण्यात आला.